तक्रार नाही

नसीम मुल्लाणी बोलत होती तोवर ॲडव्होकेट शालन मगदूमचं पेन एकदाही थांबलं नाही. समोरची बाई रडते आहे हे तिला दिसत होतं. तिनं पाण्याचा ग्लास पुढं सरकवला, पंखा थोडा वळवला आणि विचारलं, "लॅडल कलंडलं तेव्हा नक्की किती वाजले होते?"

"नऊ वाजून दहा मिनिटं," नसीम म्हणाली. "सकाळची पाळी. चहाची सुट्टी व्हायची होती."

नसीम वज्रांग कास्टिंग्जच्या आरोग्य कक्षात अकरा वर्षं परिचारिका होती. कंपनीची गोपनीय माहिती बाहेर दिली असा ठपका ठेवून गेल्या महिन्यात तिला काढून टाकलं होतं. अशी माणसं कोल्हापुरात शाहूपुरीतल्या या दोन खोल्यांत यायची. पाण्याच्या पंपांच्या दुकानावर शालनचं ऑफिस होतं. अठ्ठावीस वर्षांत तिनं एकदाही मालकाचं वकीलपत्र घेतलं नव्हतं. नोकरी गेलेले कामगार यायचे, आणि आपल्याच कंपनीतली लबाडी उघड करून एकटे पडलेले लोक यायचे. तिचं सगळं काम त्यांच्यासाठीच होतं.

नसीमनं सांगितलं ते असं. वितळलेल्या लोखंडानं भरलेली मोठी बादली, म्हणजे लॅडल, क्रेनला लटकलेली होती. क्रेनचा ब्रेक घसरला. लोखंड खालच्या खड्ड्यात सांडलं आणि खड्ड्यात पाणी साचलेलं होतं. तसल्या लोखंडाखाली पाणी सापडलं की त्याची एका क्षणात वाफ होते आणि बॉम्ब फुटल्यासारखा स्फोट होतो. आनंदा खोत जागेवरच गेला. त्याचा धाकटा भाऊ दत्ता आठ फुटांवर उभा होता. त्याला खरचटलंसुद्धा नाही.

"साडेनऊला पाच जणांना माझ्याकडं आणलं. थरथरत होते. दत्ता तर नुसता ओरडत होता. डॉक्टर पडद्यावर होते, पुण्याहून. म्हणाले, शमन द्या सगळ्यांना, शांत होतील. मी म्हटलं, सर, कारखाना निरीक्षक यायचेत, जबाब व्हायचेत. तर म्हणाले, म्हणूनच लवकर द्या."

"आणि तुम्ही दिलंत?"

नसीमनं ओढणीनं डोळे पुसले. "दिलं. पाचही जणांना मीच दिलं, मॅडम. मलाही घ्यायला सांगितलं होतं. मी नळी नाकाशी धरली आणि फवारा रुमालात मारला."

"मग जबाबात ते खोटं बोलले?"

"तेच तर. कुणीही खोटं बोललं नाही. महिनाभर ब्रेक घसरत होता, दोनदा सांगितलं होतं, खड्ड्यात पाणी साचायचं, सगळं सांगितलं. खाली शेवटचा रकाना असतो ना, तक्रार आहे का? पाचही जण म्हणाले, तक्रार नाही. दत्तासुद्धा."

नव्या कायद्यात तशी सोय होती. प्रत्यक्ष पाहणाऱ्या कामगारांची तक्रार नसेल तर कंपनीला ताकीद देऊन प्रकरण बंद करता येत असे. वज्रांगचं प्रकरण नऊ दिवसांत बंद झालं. नसीमनं निरीक्षकांच्या वरिष्ठांना पत्र लिहिलं, आणि तिची नोकरी गेली.

शालननं वकीलपत्रावर तिची सही घेतली. नसीमचा हात इतका थरथरत होता की सही दोनदा करावी लागली. हा थरथरणारा हात पाहून आपल्याला काहीतरी व्हायला हवं, एवढं शालनला कळलं. तिनं फाइलवर क्रमांक घातला.

*

शमन आलं तेव्हा ते वरदानच वाटलं होतं, आणि बऱ्याच जणांसाठी ते होतंही. ते वापरात येऊन सहा वर्षं झाली होती.

आठवण म्हणजे कपाटात जपून ठेवलेला कागद, असं माणसं समजत आली. मेंदूचं काम तसं चालत नाही. एखादी गोष्ट आपण आठवतो तेव्हा ती आठवण काही तासांपुरती ओल्या मातीसारखी मऊ होते आणि मग पुन्हा नव्यानं घट्ट बसते. घट्ट बसायला मेंदूतल्या पेशींना नवी प्रथिनं तयार करावी लागतात. काय घडलं, कुठं, किती वाजता, हा तपशील हिप्पोकॅम्पस नावाचा भाग सांभाळतो. त्यातली भीती, चीड, दुःख सांभाळते ती अमिग्डला, बदामाएवढी एक गाठ. शमनचा फवारा नाकावाटे मेंदूत पोचतो आणि काही तास फक्त अमिग्डलामधली ही प्रथिनं तयार होऊ देत नाही. म्हणून आधी रुग्णाला प्रसंग आठवायला लावतात, मग फवारा देतात. तपशील पुन्हा जागेवर बसतो, यातना बसत नाही. नुकत्याच घडलेल्या प्रसंगात तर आठवायलाही लावावं लागत नाही. माती ओलीच असते.

आधी ते सैनिकांना दिलं गेलं, मग आगीच्या बंबावरच्या जवानांना, मग रुळावर माणसं चिरडलेली पाहणाऱ्या रेल्वेचालकांना. माणसं झोपू लागली, कामावर परतली. त्यानंतर कारखान्यांच्या नियमांत अपघातोत्तर उपचार म्हणून ते आलं.

गेलेली भावना परत येत नाही. औषधाचा असर उतरण्याचा प्रश्नच नसतो, कारण औषध कधीच निघून गेलेलं असतं. आणखी एक गोष्ट हळूहळू ध्यानात येत होती. एका आठवणीचे धागे दुसरीत गुंतलेले असतात. एक निवळली की तिच्या आजूबाजूच्याही फिक्या होतात. किती, हे कुणी नीट मोजलं नव्हतं.

शालननं चार वर्षांपूर्वी ते घेतलं होतं.

प्रकाश लाडगे नावाचा एक रसायनतज्ज्ञ तिचा अशील होता. दुधाच्या चाचण्यांचे आकडे बदलले जातात हे त्यानं बाहेर काढलं. सहा दिवस त्याचा उलटतपास चालला. खटला ते हरले, आणि नवव्या दिवशी त्यानं जीव दिला. त्याच्या बायकोचा फोन आला तेव्हा शालन कोर्टाच्या जिन्यात होती. त्यानंतर तो जिना चढायला लागलं की तिचा गळा आवळायचा, आवाजच फुटायचा नाही. तीन महिन्यांत तिनं अकरा तारखा पुढं ढकलल्या. शेवटी पुण्याच्या एका दवाखान्यात जाऊन तिनं तीन बैठका घेतल्या. नवऱ्याला, म्हणजे सुधाकरला, परिसंवाद आहे असं सांगितलं होतं.

चौथ्या दिवशी ती जिना चढली. गळ्याला काही झालं नाही. त्यानंतर ती पूर्वीपेक्षा जास्त खटले जिंकत होती. उलटतपासात ती चिडत नसे, थकत नसे. नव्या वकिलांना तिचं काम पाहायला पाठवलं जायचं.

*

खोतांचं घर वडगावच्या बाजूला होतं. शालन गेली तेव्हा आनंदाची बायको कमल सोप्यात धान्य निवडत होती. दत्ता भिंतीला टेकून मोबाइलवर कुस्त्या बघत होता. वकीलबाई आल्या म्हटल्यावर त्यानं आवाज बंद केला, उठून पाणी आणून दिलं.

"इचारा त्याला काय इचारायचं ते," कमल म्हणाली. "समदं सांगंल. पाठ हाय त्याला."

त्यानं खरंच सगळं सांगितलं. क्रेन कुठं थांबली, ब्रेकचा आवाज कसा आला, लोखंड कुठल्या बाजूनं सांडलं. आनंदानं मागं वळून त्याला हाक मारली होती. मग पांढरा उजेड झाला. मग काय दिसलं तेही त्यानं सांगितलं, एखादा माणूस शेताची हद्द दाखवतो तसं, बोटानं हवेत खुणा करत. कमल सूप तसंच टाकून आत निघून गेली.

"भाऊ तुमच्यापेक्षा किती मोठा?"

"धा वर्सानं. बाप लवकर गेला. त्यानंच सांबाळलं मला."

"मग तक्रार नाही असं का लिहिलंत?"

दत्तानं विचार केला. त्याला उत्तर द्यायचं होतं, टाळायचं नव्हतं, हे शालननं ओळखलं. "ब्रेक खराब हुता, ह्ये खरं. त्यांनी दुरुस्त केला न्हाई, त्येबी खरं. पर आता तक्रार म्हंजे... कशाला, असं वाटतंय. झालं ते झालं."

कमल दारात परत येऊन उभी राहिली होती. तिचे डोळे लाल होते. "दहाव्याला समदा गाव रडला, बाई. ह्यो जेवला आन् निजला. सासूबाई त्याच्याशी बोलत न्हाईत. म्या एका घरात ऱ्हाते म्हणून बोलते. त्याच्या हातनं पाणी घ्यायचं माझ्या जिवावर येतंय." मग दत्ताकडं न बघताच म्हणाली, "ह्यो असा नव्हता."

"न्हवतो," दत्ता म्हणाला.

परतताना बसमध्ये शालननं टिपणं पुरी केली. 'साक्षीदार प्रामाणिक. उपयोग कमी,' असं तिनं शेवटी लिहिलं.

*

औद्योगिक न्यायालयात कंपनीच्या बाजूनं ॲडव्होकेट पद्माकर इंगवले उभे होते. सभ्य माणूस. वीस वर्षं ते शालनसमोर उभे राहत होते, आणि मधल्या सुट्टीत दोघं एकत्र चहा घेत.

इंगवल्यांचं म्हणणं सरळ होतं. पाचही कामगारांनी टॅबलेटवर अंगठा लावून संमती दिली होती. पाचही जण धडधाकट होते, झोपत होते, कामावर जात होते. कुणाचीही आठवण पुसली गेली नव्हती. कुणी खोटं बोललं नव्हतं. "माझ्या विद्वान भगिनींनी एवढंच सांगावं," ते म्हणाले, "की नुकसान नेमकं कुणाचं झालं? तो प्रसंग रोज रात्री डोळ्यांसमोर येऊन हे पाच जण ओरडत उठले असते, तर ते न्याय्य झालं असतं का?"

शालननं दत्ताला तपासलं. त्यानं भिंतीशी टेकून सांगितलं होतं तेच पिंजऱ्यात उभं राहून सांगितलं. न्यायाधीश देशिंगकर पुढं वाकून ऐकत होते. शेवटी त्यांनी स्वतःच विचारलं, "खोत, कंपनीविरुद्ध तुमचं काही म्हणणं आहे?"

"न्हाई साहेब."

"कुणी दबाव आणलाय?"

"न्हाई."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "मगदूमबाई, श्रीमती मुल्लाणी यांनी जे केलं ते कळवळ्यापोटी केलं, हे मला दिसतंय. पण हे औषध देण्यात काही गैर होतं, हे आधी सिद्ध व्हायला हवं. तरच ते उघड करणाऱ्याला संरक्षण मिळतं. मला इजा दाखवा. शांत झोपणारा माणूस जखमी कसा, ते मला समजावून सांगा."

पुढची तारीख तीन आठवड्यांनी पडली. बाहेर व्हरांड्यात नसीम म्हणाली, "मॅडम, आपण हरतोय का?"

"सध्याच्या पुराव्यावर, होय."

"तुम्ही हे असं कसं सांगू शकता हो?" नसीमचा आवाज चढला. "जरा तरी..."

हा प्रश्न शालननं स्वतःला कधी विचारला नव्हता.

*

दुसऱ्या दिवशी तिनं ऑफिसातली जुनी कपाटं उघडली. तिची पद्धत अशी होती की प्रत्येक अशिलाला काय सल्ला दिला, तो एका ओळीत फाइलच्या आतल्या पानावर लिहायचा. तिनं पुण्याच्या बैठकांआधीच्या चार वर्षांच्या फाइली एका बाजूला लावल्या आणि नंतरच्या चार वर्षांच्या दुसऱ्या बाजूला. दोन दिवस ती पानं उलटत होती.

आधीच्या ढिगात दोघांना तिनं 'तक्रार मागे घ्या' असं सांगितलं होतं. नंतरच्या ढिगात अकरा जणांना. अकराही वेळा कारणं लिहिलेली होती आणि ती बरोबर होती. पुरावा कमी. साक्षीदार फितूर होण्याची शक्यता. वेळ फार लागेल. पण आधीच्या ढिगातही कमी पुराव्याच्या केसेस होत्या. त्यांच्या पानांवर तिच्याच अक्षरात वेगळं काही होतं. एका ठिकाणी 'हे सोडायचं नाही' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. पेन इतकं दाबलं होतं की कागद फाटला होता. तो राग तिला आठवला, तारखेसकट. कसा होता ते आठवेना.

अकरांपैकी एक होती मंदाकिनी पोवार, हुपरीच्या चांदीच्या कारखान्यात दागिने उजळायच्या कामावर असलेली. ॲसिडची वाफ बाहेर टाकणारा पंखा मालक विजेसाठी बंद ठेवतो, अशी तिची तक्रार होती. शालननं फोन केला तर ती स्वतःच भेटायला आली. दोन जिने चढून आल्यावर बराच वेळ तिला बोलता येईना.

"दम लागतोय हो," ती हसली. "आता वासही येत नाही कशाचा. मागं घरात गॅस सुरू राहिला होता, शेजारणीला कळलं, मला नाही."

"तक्रार मागं घेतल्यावर पंखा सुरू झाला?"

"कशाला होतोय? आता मागं घेतलीच म्हटल्यावर." मंदाकिनीनं पदर सारखा केला. "तुमच्यावर माझा राग नाही, बाई. तुम्ही इतकं शांतपणे समजावून सांगितलंत. तुमचा चेहरा बघून वाटलं, एवढ्या मोठ्या वकीलबाईंना यात काही वाटत नाही, म्हणजे मीच उगीच बाऊ करतेय."

शालननं तिचा जबाब लिहून घेतला, वाचून दाखवला आणि सही घेतली. मग ती जिन्यापर्यंत सोडायला गेली. तळहातांना घाम नव्हता, गळा मोकळा होता. मंदाकिनी एकेक पायरी उतरत, थांबत, पुन्हा उतरत खाली पोचेपर्यंत ती वर उभी राहिली. न्यायाधीशांनी मागितलेली इजा आपल्या कपाटात होती, हे तिला आता स्वच्छ दिसत होतं.

एका खटल्यात एकच माणूस वकील आणि साक्षीदार दोन्ही होऊ शकत नाही. तिनं गिरीश तोडकरला बोलावलं. तो पूर्वी तिच्या हाताखाली शिकलेला, आता स्वतंत्र वकिली करणारा. त्यानं सगळं ऐकलं आणि म्हणाला, "बाई, तुम्ही पिंजऱ्यात उभ्या राहिलात की हे अकरा जण तुमच्याविरुद्ध वकील परिषदेकडं जाऊ शकतात. सनद जाईल."

"जाऊ शकते."

"विचार केलाय?"

"तेवढंच करता येतं मला," शालन म्हणाली.

नसीमला तिनं ऑफिसात बोलावून सांगितलं. नसीम खुर्ची मागं ढकलून उठली. "मी तुमच्यासमोर बसून रडले. माझ्या हातानं मी त्या पाच जणांना काय केलं ते तुम्हाला सांगितलं. आणि तुम्ही... तुम्हीसुद्धा तेच..." ती दारापर्यंत गेली, तशीच परत आली आणि तोडकरच्या वकीलपत्रावर सही केली. शालनकडं तिनं पाहिलं नाही.

*

अकरांपैकी सात जणांनी आपली फाइल कोर्टात दाखवायला लेखी परवानगी दिली. दोघांनी नाही म्हटलं, दोघं सापडले नाहीत. शालननं सातांबद्दलच साक्ष दिली. तोडकरनं एकेक फाइल पुढं केली, तिनं आपल्याच अक्षरातल्या ओळी वाचल्या. तारीख, सल्ला, कारण, आणि पुढं काय झालं ते.

इंगवले उलटतपासाला उठले तेव्हा त्यांना ते काम नको होतं, हे सगळ्यांना दिसत होतं.

"या चार वर्षांत आपण आधीपेक्षा जास्त खटले जिंकलात?"

"होय."

"उपचाराआधी आपल्याला कोर्टाचा जिना चढता येत नव्हता. उपचारानं आपलं काम वाचवलं, असं म्हणता येईल?"

"येईल."

"आपण एकदाही खोटा सल्ला दिलात?"

"नाही. दत्ता खोतांनीही खोटा जबाब दिलेला नाही. आम्हा दोघांना सगळं माहीत होतं. ते महत्त्वाचं आहे असं आतून सांगणारं काही उरलं नव्हतं."

"हे आपलं अनुमान झालं, मगदूमबाई. आत्ता, या क्षणी, आपलं सगळं आयुष्य पणाला लागलेलं असताना, आपल्याला काय वाटतंय?"

"काही नाही."

"दुःख? भीती?"

"नाही."

"मग नुकसान कसलं?"

शालननं मागच्या बाकाकडं पाहिलं. सुधाकर तिथं बसला होता. भूगोलाचा निवृत्त शिक्षक. तिच्या प्रत्येक मोठ्या खटल्याच्या शेवटच्या दिवशी तो येऊन बसायचा. आजही न सांगता आला होता.

"माझे पती मागं बसलेत," ती म्हणाली. "मी हे औषध घेतलं हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांना ते आत्ता इथं कळलं. त्यांचा चेहरा मला दिसतोय. तो पाहून मला काय वाटायला हवं, ते मी तुम्हाला नीट शब्दांत सांगू शकते. शरम, आणि त्यांच्याजवळ जावंसं. शब्द येतात. ते वाटत मात्र नाही."

न्यायाधीशांनी मान वर करून मागच्या बाकाकडं पाहिलं. इंगवले कागद आवरत म्हणाले, "उलटतपास संपला."

तोडकरनं दत्ताला पुन्हा बोलावण्याची परवानगी मागितली. दत्ता सकाळपासून मागं उभा राहून सगळं ऐकत होता. पिंजऱ्यात आल्यावर त्यानं तोडकरच्या प्रश्नाची वाटही पाहिली नाही.

"साहेब, मला तक्रार न्हाई, ह्येच खरं हाय अजून. पर माझी असाय पायजे हुती. भावानं मला हाक मारली हुती. माझ्यातनं कायतरी काढून नेलंय त्यांनी, तेवडं लिवून घ्या."

न्यायाधीशांनी ते शब्द जसेच्या तसे नोंदवायला सांगितले. कमल बाकावर बसून पदरात तोंड घालून रडत होती.

*

घरी आल्यावर सुधाकरनं चहा केला. दोन कप टेबलावर ठेवले आणि तो उभाच राहिला.

"चार वर्षं," तो म्हणाला. "मला वाटायचं माझंच काहीतरी चुकलंय. म्हातारा झालो, कंटाळलीस मला. एकदा तर मी तुझ्या फोनमध्ये पाहिलं, कुणी आहे का म्हणून. शरम वाटली नंतर."

"तुमचं काही चुकलं नव्हतं."

"माझी आई गेली तेव्हा तू सगळं केलंस. स्मशानातल्या लाकडांपासून सगळं. लोक म्हणाले, सून काय खंबीर आहे. मीही तेच म्हणत होतो." त्यानं कप उचलला, पुन्हा ठेवला. "राग आलाय मला, शालन. पण काढू कुणावर? तुला लागणारच नाही."

ती म्हणाली, "तरी काढा."

तो गॅलरीत गेला. चहा गार झाला. तिनं दोन्ही कप धुऊन ठेवले.

*

निकाल दोन महिन्यांनी लागला. नसीमला कामावर परत घेण्याचा आदेश झाला. अपघातानंतर बहात्तर तास, आणि स्वतंत्र अधिकाऱ्यासमोर जबाब होईपर्यंत, कुणालाही शमन देता येणार नाही, आणि नंतरही ते देणारा डॉक्टर कंपनीचा असणार नाही, असं न्यायाधीशांनी लिहिलं. आनंदा खोतच्या मृत्यूचं प्रकरण पुन्हा उघडलं. कंपनी वरच्या कोर्टात गेली, पण आदेशाला स्थगिती मिळाली नाही. नसीम वज्रांगमध्ये सहा आठवडे राहिली आणि मग स्वतःहून सोडून गेली; तिथं तिच्याशी कुणी बोलत नव्हतं. सात जणांपैकी चौघांनी तोडकरमार्फत पुन्हा तक्रारी दाखल केल्या. मंदाकिनीनं केली नाही. आता दगदग होत नाही, म्हणाली.

वकील परिषदेच्या शिस्तपालन समितीची सुनावणी पुण्यात झाली. तिथं कुणी शालनविरुद्ध तक्रार केली नव्हती. तिनं स्वतःच सगळ्या फाइली पाठवल्या होत्या. उपचार घेतल्याचं तिनं अशिलांना सांगायला हवं होतं, एवढाच मुद्दा होता, आणि तो तिला मान्य होता. समितीचे तिन्ही सदस्य तिला ओळखत होते. त्यांना तिला सोडायचं होतं. त्यातले सर्वांत ज्येष्ठ म्हणाले, "मगदूमबाई, झाल्या गोष्टीचा आपल्याला पश्चात्ताप होतोय, असं आम्ही नोंदवू का?"

एक शब्द पुरला असता. तिनं खोलीतल्या तिघांकडं आळीपाळीनं पाहिलं.

"होत नाही," ती म्हणाली. "तसं नोंदवू नका."

सनद तीन वर्षांसाठी निलंबित झाली. तिचं वय तेव्हा छप्पन्न होतं.

सुधाकर बाहेर गाडीत थांबला होता. गेले काही महिने तो तिच्याशी कामापुरतंच बोलायचा, पण पुण्याला सोबत येतो असं त्यानंच म्हटलं होतं. ती बसली, पट्टा लावला. "तीन वर्षं," तिनं सांगितलं. त्यानं मान हलवली आणि गाडी सुरू केली.

सातारा गेलं, कऱ्हाड गेलं. दुपारचं ऊन समोरच्या काचेवर येत होतं. कासेगावच्या पुढं त्यानं अचानक गाडी कडेला घेतली आणि स्टीअरिंगवर कपाळ टेकवलं. त्याच्या खांद्यांवरून तिला कळलं. तो आवाज न करता रडत होता, मग आवाज करून रडू लागला. शेजारून उसाचे ट्रॅक्टर जात होते.

तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. पूर्वी ती असं करायची, एवढं तिला आठवत होतं. किती वेळ ठेवायचा ते आठवत नव्हतं, म्हणून तिनं तो काढलाच नाही.

बऱ्याच वेळानं, त्याला आता गाडी चालवता येणार नाही असं दिसल्यावर, ती खाली उतरली, वळसा घालून त्याच्या बाजूला आली आणि दार उघडलं.

"तुम्ही तिकडं बसा," ती म्हणाली. "मी चालवते."